माझा आजार, तुमच्या नावावर

अक्का, तुमचा तेरावा परवा झाला आणि पाहुणे आपापल्या गावाला गेले. घर रिकामं झालंय, म्हणून आता बोलते. गेले दोन आठवडे गावात तुमच्याबद्दल जे बोललं जातंय ते तुमच्या कानावर पडलं असतं, तर तुम्ही पदर खोचून परत आला असता. रागानं नाही, कौतुकानं. "बाई लय गुणाची, पण डोक्यानं दगा दिला," असं माणसं म्हणतात. "चार वर्सं परभणीला इलाज चालू व्हता. धाकटी जाऊ बिचारी दर खेपेला सोबत जायची," असं बाया म्हणतात. आणि ती बिचारी धाकटी जाऊ, म्हणजे मी, त्यांच्यासमोरून चहाचे कप गोळा करत असते.

खरं काय ते तुम्हाला ठाऊक, घरच्यांना ठाऊक आणि परभणीच्या मॅडमना ठाऊक. डोकं माझं बिघडलं होतं. 'बिघडलं' हा शब्द मॅडमना चालत नाही, त्या नैराश्य म्हणतात. तुम्ही दोन्ही शब्द कधी वापरले नाहीत. तुम्ही त्याला 'ते' म्हणायचात. सकाळी चहा गाळता गाळता विचारायचात, "आज ते कसं हाय?" जणू घरात एखादा पाहुणा उतरलाय आणि जायचं नाव काढत नाही.

माझी पंचाईत अशी होती की मला काहीच झालेलं नव्हतं. भांड्यांचं दुकान बरं चाललं होतं. हे पीत नाहीत, मारत नाहीत, फार तर घोरतात. पल्लवीला नांदेडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. त्यामुळे जो तो यायचा आणि "तुला कमी काय हाय?" असं विचारून जायचा. मीही तेच शोधत होते. सकाळी डोळे उघडायची आणि दिवस केवढा मोठा आहे ते बघून परत मिटायची. परातीत पीठ घ्यायची आणि पुढं काय करायचं असतं ते सुचायचं नाही. ह्यांनी मोठा टीव्ही आणला. मोठ्या भाऊजींनी बदाम आणले. माझ्या आईनं जिंतूरहून ताईत पाठवला. टीव्ही तुम्ही पाहिलात, बदाम तुम्ही खाल्लेत, आणि ताईत वाया जाऊ नये म्हणून दुकानाच्या कुलपाला बांधलात.

पण सुरुवातीला तुम्ही मला एका शब्दानं काही विचारलं नाहीत. दोघींच्या वाटणीचा स्वयंपाक एकटीनं करत होतात आणि गप्प होतात. तुम्ही गप्प बसण्याची घरात कुणाला सवय नव्हती. मला वाटलं, सगळं काम अंगावर पडल्याचा राग आलाय.

मग परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की गोळ्यांबरोबर बोलणंही हवं, आमच्याकडे त्यासाठी मॅडम आहेत, दर पंधरवड्याला येत जा. हे घरी आले आणि त्यांनी ते तुम्हाला सांगितलं. तुमचं मौन तिथंच सुटलं.

"बोलायला परभणीला? कामून? घरात काय नुसत्या भिंती हायत का?"

"तसं न्हाई वहिनी, त्याची पद्धत असती."

"बोलायची कसली आलीय पद्धत? तोंड उघडायचं अन् बोलायचं."

एवढं बोलून तुम्हीच सगळ्यांआधी साडी बदलून तयार झालात. ताडकळसच्या स्टँडवर तुम्ही मला खिडकीची जागा धरून दिलीत आणि स्वतः कडेला बसून सगळ्या गाडीशी गप्पा मारल्यात. मी बाहेर बघत होते. मला त्या दिवशी कुणाशीच बोलायचं नव्हतं, आणि आपण निघालो होतो ते बोलायलाच.

दवाखान्यात टेबलामागं एक मुलगी होती. तिनं गाव विचारलं. ताडकळस म्हटल्याबरोबर तिचा चेहरा फुलला. "अय्या, माझी मावशी तिथंच दिलीय!" मग पेन उचलून म्हणाली, "पेशंट कोण आणि सोबत कोण?"

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही पुढं झालात. "पेशंट मी. ही सोबत."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. तुम्ही त्या मुलीला तिच्या मावशीचं घर कुठल्या गल्लीत आहे ते समजावून सांगत होतात.

आत मॅडम होत्या. चष्मा, सुती साडी, वयानं आपल्या सुनांएवढ्या. त्यांनी विचारलं, काय त्रास होतो? तुम्ही पेशंटच्या खुर्चीत मांडी घालून बसलात आणि सुरू केलंत.

"सकाळी उठू वाटंना बघा. झोप येती, पण झोपल्यावानी वाटत न्हाई. भाजीत मीठ टाकलं का न्हाई ते ध्यानात ऱ्हात न्हाई, अन् विचारायची लाज वाटती. लेकीचा फोन आला की हासून बोलावं लागतं, मंग फोन ठिवला की दम लागतो. न्हाणीत जाऊन नळ सोडते, म्हंजी रडलेलं कुणाला ऐकू जाऊ नये. लेकरू रडलं तरी उचलू वाटंना. लोकं म्हणतेत, कमी काय हाय? कमी काय न्हाई, म्हणून तर भ्या वाटतंय."

अक्का, यातलं एक अक्षर मी तुम्हाला सांगितलेलं नव्हतं. नळाचं तर मी मलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. माझं दुःख दुसऱ्याच्या तोंडून, आपल्या ताडकळसच्या बोलीत, इतकं स्वच्छ ऐकल्यावर मला आवरेना. मी पदर तोंडात धरून हुंदके द्यायला लागले. ते लेकराचं तेवढं माझं नव्हतं. पल्लवी कॉलेजात, माझ्याकडे रडणारं लेकरू कुठून असणार? मला वाटलं, रंग भरायला तुम्ही ते घातलंत.

मॅडम आपल्या दोघींकडे बघून म्हणाल्या, "अक्का, सांगताय तुम्ही आणि रडताहेत त्या."

"मनानं कच्ची हाय ती. सोबत म्हणून आणली तर ही तऱ्हा."

पण तुमचं सोंग फार टिकणार नव्हतंच. इतकं दुःख सांगतानाही तुम्ही मधेच मॅडमना ती साडी कुठून घेतली ते विचारलं होतंत, त्यांच्या खोकल्यावर अडुळसा सुचवला होतात, आणि टेबलावरच्या वाटीतली लिमलेटची गोळी उचलून तोंडात टाकली होतीत. मॅडमनी शांतपणे विचारलं की हे असं का? तेव्हा तुम्ही गोळी गालात सरकवून खरं सांगितलंत.

"हिची लेक दोन-तीन वर्सांत लग्नाची व्हईल. उद्या पाव्हणे आले की गाव आधी आईचं डोकं काढंल. मपल्या दोन्ही पोरांची लग्नं झाली. मला येडी म्हणलं तर कुणाचं काय अडतंय?"

मॅडम म्हणाल्या, कागदावर खरं नाव लागेल. आणि यात लपवण्यासारखं खरं तर काही नाही, तापासारखाच हा आजार आहे.

"तुमचं बरोबर हाय," तुम्ही म्हणालात, "पण तुमी ताडकळसला ऱ्हात न्हाईत."

तर कागदावर माझं नाव लागलं आणि गावात तुमचं. परतीच्या गाडीत कंडक्टरनं सहज विचारलं, काय काम काढलं परभणीला? तुम्ही मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंत, "डोक्याचा इलाज चालू केलाय." आठवडी बाजार भरायच्या आत सगळ्या गावाला माहीत झालं.

मॅडमनी नियम घातला. सुरुवातीला तुम्ही बसायचं, पण बोलायचं नाही. नंतर तुम्ही बाहेर आणि मी एकटी आत. तुम्हाला न बोलता बसवणं हा माझ्या आजारापेक्षा अवघड इलाज होता. मॅडमनी एकदा मला विचारलं, दिवसभर मनात कोणता विचार घोळतो? मी म्हणाले, "मी कुणाच्याच कामाची नाही." मॅडम म्हणाल्या, ठीक. हा विचार आहे, म्हणजे तो खराच असेल असं नाही. आपण तपासू. याला पुरावा काय?

"पुरावा हाय की," तुम्ही म्हणालात. "परवा हिनं वरण करपवलं. त्याच्या आधी दूध उतू घालवलं. मंगळवारी तर दोन्ही."

"अक्का."

"तुमीच इचारलं न्हाई का?"

मॅडमनी डोळे मिटले, उघडले. म्हणाल्या, बरं, आता उलट बाजूचाही पुरावा सांगा. मला वाटलं तुम्ही अडकणार. पण तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. "आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तव्हा त्यांचं समदं हिनं केलं. तोंड वाकडं न करता. मला जमलं नसतं, मला वास सोसत न्हाई. दुकानात गिऱ्हाईक हिच्या तोंडाकडं बघून येतं, ह्या दोघा भावांकडं बघून कोण येणार? अन् घरात मपल्याशी भांडू शकती अशी ही एकच हाय. बाकी समदे भितेत." मी मान वर करून बघितलं. इतक्या वर्षांत हे तुम्ही मला कधी म्हणाला नव्हतात, आणि आताही मला म्हणत नव्हतात, मॅडमना सांगत होतात.

'पुरावा' हा शब्द तुम्ही घरी घेऊन आलात, तो कायमचा. मोठे भाऊजी म्हणाले, "भाजी अळणी हाय." तुम्ही म्हणालात, "हा तुमचा विचार झाला. पुरावा काय?" ते म्हणाले, "खाऊन बघ." दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, मला घरात कुणी विचारत नाही. तुम्ही त्यांना समोर बसवून उलट बाजूचे पुरावे दिलेत, त्यात त्यांनी आणलेले बदाम तुम्ही खाल्लेत हेही आलं. बिचारे महिनाभर जेवताना काही बोलले नाहीत. मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, पद्धत बरोबर आहे, फक्त पेशंट चुकीचा निवडलाय.

आणि शिट्टी. मॅडमनी सांगितलं होतं, मन तयार व्हायची वाट बघू नका, आधी हात-पाय हलवा, मन मागून येतं. रोज थोडं काहीतरी असं करा जे पूर्वी आवडायचं. काम नको, ज्यात कौतुक होईल असंही नको, नुसतं मजेचं. मी खूप वेळ आठवत राहिले. शेवटी म्हणाले, लहानपणी शेतात ज्वारीवरची पाखरं हाकलायला मी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारायची. शिवारात माझ्याएवढी मोठी कुणाची नव्हती. लग्न झालं आणि ते सुटलं.

माझा आजार तुम्ही हसत हसत अंगावर घेतला होतात, पण शिट्टी ऐकून तुमचा चेहरा उतरला. गाडीत निम्मा रस्ता तुम्ही बोलला नाहीत. मग म्हणालात, "दुसरं काय आवडत न्हाई का गं तुला? भरतकाम?"

"न्हाई."

"बरं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही स्वयंपाकघराचं दार लावलंत, गॅसवर कुकर चढवलात आणि मला म्हणालात, "मार." पहिल्यांदा नुसती हवा आली. मग थुंकी आली. मग एकदम ती आली, खणखणीत, खिडकीच्या काचा थरथरल्या. तुम्ही कानावर हात ठेवून खाली बसलात. मी आणखी मारली. आणखी. मागच्या भिंतीवरून शेजारच्या गयाबाईंचं डोकं वर आलं. गयाबाईंना गावातलं सगळं कळतं, आणि कळलं नाही तर त्या विचारून घेतात.

"अक्का, किती शिट्ट्या व्हायल्यात गं आज?"

"डाळ जुनी हाय बाई," तुम्ही खिडकीतून ओरडलात. "शिजंना!"

संध्याकाळी गयाबाईंनी वाटीभर नवी तूरडाळ पाठवली, ही वापरून बघा म्हणून. ती वाटी हातात घेऊन तुम्ही आणि मी ओट्याला टेकून हसत बसलो. तुम्ही पण बोटं तोंडात घालून बघितलीत आणि स्वतःच्या साडीवर थुंकलात. मी किती महिन्यांनी हसले ते मला आठवत नव्हतं. त्या दिवशी मला भूक लागली. मी दुसरी भाकरी मागितली तेव्हा तुम्ही ती पाठ फिरवून वाढलीत, आणि मला कळलं की तुम्ही रडताय. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

मी हळूहळू बरी होत गेले आणि तुमचं येड वाढत गेलं. कारण तुमच्या लक्षात आलं होतं की डोक्याचा इलाज चालू असलेल्या बाईला गावात काहीही बोलता येतं. शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण लांबलं, तेव्हा "आवरा आता, लेकरं भुकेली हायत" असं तुम्ही पहिल्या रांगेतून म्हणालात. गल्लीतल्या नालीवरून सरपंचांना भर चौकात अडवलंत. हळदीकुंकवाला जायचा कंटाळा आला तर "येऊ वाटंना" एवढंच सांगायचात, कारण द्यायचं बंद केलंत. सगळे म्हणायचे, जाऊ द्या, इलाज चालू हाय त्यांचा. नाली झाली, अक्का. शहाण्या बायांनी इतकी वर्षं अर्ज देऊन झाली नव्हती. दुकानात तुम्ही गल्ल्यापाशी बसलात की चेपलेला हंडा बदलून मागायला आलेली गिऱ्हाइकं तशीच माघारी जायची. सुरुवातीला मोठे भाऊजी खजील झाले होते. नंतर अशी गिऱ्हाइकं लांबून दिसली की तेच तुम्हाला हाक मारायचे.

आपलं खरं भांडण झालं ते मागच्या उन्हाळ्यात, पल्लवीचं लग्न झाल्यावर. मी म्हणाले, अक्का, आता पुरे. लेक चांगल्या घरी पडली. आता मी गावात खरं सांगते.

"काय नगं. एवढं मस्त चाललंय मपलं. उद्यापासून शानी झाले म्हणून सांगितलं, तर पुन्हा गुमान बसावं लागंल."

"अक्का, आजार माझा हाय."

"असंल. मी काय नीट संभाळला न्हाई का?"

मला खरंच राग आला होता. तुम्हाला वाटलं मी चेष्टेनं बोलतेय. दर सकाळी अंथरुणातून स्वतःला ओढून काढलं ते मी. त्या खोलीत बसून तोंडातून एकेक शब्द बाहेर काढला तो मी. आणि गावात कौतुक कशाचं, तर जावेला सोबत करते म्हणून! मी हे तुम्हाला ओरडून सांगितलं. तुम्ही शेंगा फोडत होतात. म्हणालात, "मंग? सोबतच तर केलीस." त्यावर मी काही दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही रोज चहा गाळताना विचारत राहिलात, "आज ते कसं हाय?" आणि मी भिंतीला उत्तर देत राहिले.

दुसरं भांडण तर मिटायचं राहूनच गेलं. मी म्हणायची, मॅडमशी बोलून मी बरी झाले. तुम्ही म्हणायचात, "बोलून कुठं कोण बरं व्हतंय? गोळ्यांनी अर्धी अन् गाडीत खिडकीपाशी बसून अर्धी बरी झालीस." मी म्हणायची, मग तुम्ही का येता एवढ्या लांब? तुम्ही म्हणायचात, मॅडमच्या खोकल्याकडं बघायला. शेवटी ठरलं होतं की पुढच्या खेपेला मॅडमनाच निकाल लावायला सांगायचा. पुढच्या खेपेआधी तुम्ही दुपारचं जेवण करून आडव्या झालात आणि उठलाच नाहीत. हरायची वेळ आली की तुम्ही विषय बदलायचात हे मला माहीत होतं, पण ही हद्द झाली.

तुम्ही गेल्यावर पहिले काही दिवस मी सकाळी डोळे उघडायची आणि मिटायची. ते परत आलंय का, याच भीतीनं मी नुसती पडून राहायची. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, हे ते नाही, हे दुःख आहे, ते असायलाच हवं. तरी या. मी म्हणाले, येते. पण मला एकटीला स्टँडवर जायचं धाडस होत नव्हतं. आणि दिवसभर भेटायला येणाऱ्या बाया बसलेल्या, त्यांच्या तोंडी एकच, डोक्यानं दगा दिला.

मग एका दुपारी मला राहवेना. ओसरीवर बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. गयाबाई सांगत होत्या, "चार वर्सं काय काय सोसलं असंल त्या डोक्यानं!" माझ्या हातात कपांचा ट्रे होता. मी तो खाली ठेवला आणि म्हणाले, "अक्काच्या डोक्याला काही झालं नव्हतं. पेशंट मी व्हते. अजून हाय. अक्का सोबत यायच्या."

मला वाटलं, झालं एकदाचं. मग तुमच्या मावशी उठल्या आणि माझा दंड धरून म्हणाल्या, "बस गं माय, बस. पानी आणा हिला."

"मावशी, मी खरं सांगायलेय."

"व्हय व्हय. खरंच हाय."

कुणीतरी वर्तमानपत्रानं वारा घालायला लागलं. कुणीतरी म्हणालं, जावेचं दुःख डोक्यात गेलं हिच्या. मी जितकं सांगत होते तितकं पाणी मला पाजलं जात होतं. शेवटी मला तुमची आठवण झाली, मी आत गेले आणि पुरावा घेऊन आले. माझ्या गोळ्यांचं पाकीट सगळ्यांसमोर धरलं. गयाबाईंनी ते हातात घेतलं, डोळ्याला लावलं आणि हंबरडा फोडला, "अक्काच्या गोळ्या अजून जपून ठिवल्यात बघा हिनं!" मग सगळ्याच रडल्या. मीही रडले, अक्का, पण थोडी हसूनही रडले. इतकं पक्कं खोटं तुम्ही माझ्याभोवती बांधून ठेवलं होतंत की मला स्वतःला त्यातून बाहेर पडता येईना.

बाया गेल्यावर मोठे भाऊजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. ते कधी तिथं येत नाहीत. म्हणाले, "सुमन, तू जे म्हणलीस ना, ते अर्धं खरं हाय."

मी म्हणाले, अर्धं कसं?

"आमचा थोरला झाला तव्हा तिलापण व्हतं. वरीसभर. लेकरू रडायचं अन् ही भिंतीकडं बघत बसायची. आईनं माहेरी धाडली. तिकडून आली तव्हा बरी व्हती. पुन्हा कुणी विषय काढला न्हाई."

"तुमी त्यांना कधी विचारलं न्हाई का, भाऊजी?"

"काय विचारायचं असतं, ते कुठं ठाव व्हतं?" असं म्हणून ते दुकानात गेले.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. मॅडमसमोर तुम्ही मांडी घालून बोलत होतात, ते लेकीच्या फोनाचं सोडलं तर माझ्याकडे बघून पाठ केलेलं नव्हतं. मला एवढी वर्षं वाटत होतं की तुम्ही माझं दुःख चोरून बघितलंत. तुम्ही तर तुमचं सांगत होतात, आणि तेही एकदाच, माझ्या दुःखाच्या नावाखाली. सगळ्या गावाला तुम्ही 'मी पेशंट' म्हणून सांगितलंत, आणि खरं मानणारी माणसं बरोबर होती. मला तुमचा राग येतो, अक्का. चार वर्षं खिडकीपाशी मला बसवलंत, त्यातली एक खेप तुम्ही स्वतःसाठी आत बसला असतात तर काय बिघडलं असतं? मी बाहेर थांबले असते. मॅडमच्या वाटीतल्या लिमलेटच्या गोळ्या संपवल्या असत्या. तुम्ही मला उभं केलंत हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही लगेच पुरावा मागितला असता.

काल गयाबाई मागच्या दारानं आल्या. पुढच्या दारानं येणारी बाई, मागच्या दारानं आली तेव्हाच मी ओळखलं. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "सुमन, त्या दिवशी तू म्हणलीस ते खरं का गं?"

"खरं."

"सकाळी उठू वाटंना, असं पण व्हतं का त्यात?"

"व्हय."

त्यांनी खाली बघितलं. सगळ्या गावाची खबर ठेवणारी बाई, पण स्वतःची त्यांनी कुणाला लागू दिली नव्हती. "मला बी घिऊन जा मंग. पण गावाला काय सांगायचं?"

ते मला सुचवायला कुणाची गरज पडली नाही.

आज आम्ही दोघी स्टँडवर होतो. गयाबाईंना मी खिडकीची जागा दिली. त्या बाहेर बघत बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि गयाबाई गप्प बसल्यात म्हणून सगळी गाडी त्यांच्याकडे बघत होती. पुढच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "कुणीकडं निघालाव?" मी म्हणाले, "परभणीला. माझा डोक्याचा इलाज चालू हाय. गयाबाई आल्यात सोबतीला." मोठ्यानं म्हणाले. या खेपेला गाडीतल्या सगळ्यांनी विश्वास ठेवला. दोघी-तिघी एकमेकींकडे बघून हळहळल्या, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "थोरलीचं धाकटीला लागलं बघा."

मी मागं वळले आणि म्हणाले, "व्हय. तिचंच हाय."